मुंजाबाची साक्ष

“ईश्वरसाक्ष शपथ घेते, असं म्हणा,” कोर्टाचा शिपाई दुसऱ्यांदा म्हणाला.

“मी सत्यप्रतिज्ञेवर सांगते,” करुणाबाई म्हणाल्या. “कायद्यात तशी सोय आहे.”

न्यायाधीशांनी मान हलवली. मागच्या बाकांवर मात्र कुजबुज झाली. करुणाबाईंनी पाहिलेलं सगळं सांगितलं, आणि आरोपीचा वकील उलटतपासाला उठला.

“बाई, तुम्ही देव मानत नाही?”

“नाही.”

“मग खोटं बोलताना तुम्हाला भीती कुणाची?”

“माझी मलाच.”

वकील नुसता हसला आणि खाली बसला. त्या हसण्यानं आपली सगळी साक्ष हलकी झाली, असं करुणाबाईंना वाटलं. त्या मागं जाऊन सरूबाईशेजारी बसल्या. सरूबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला होता.

कन्नडजवळच्या धनगरवस्तीवर करुणाबाई झेडपीच्या शाळेत शिकवायच्या. दोन वर्षांपूर्वी वस्तीवरच्या सांडूच्या मेंढ्या एकामागून एक मेल्या. सांडूनं खापर फोडलं विधवा भावजयीवर, सरूबाईवर. हिनंच करणी केली म्हणत त्यानं तिला बिरोबाच्या देवळापुढं ओढत आणलं आणि काठीनं मारलं. सगळी वस्ती बघत उभी होती. मधे पडल्या त्या एकट्या करुणाबाई. त्यांचं मनगट मोडलं. सरूबाईनं त्याच दिवशी घर सोडलं. तेव्हापासून ती शहरात, गारखेड्याला, लेकीच्या एका खोलीत राहत होती. वस्तीचं नाव निघालं की तिच्या हातातलं काम थांबायचं.

पोलिसांपुढं तोंड उघडलं ते दोघांनीच. एक करुणाबाई आणि दुसरा मुंजाबा, देवळाचा पुजारी. पण मुंजाबा सांडूचा सख्खा चुलता. तेव्हा दिलेला जबाब तो आज फिरवणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. सकाळी तो सांडूच्याच जीपमधून उतरला होता. त्यात करुणाबाईंशी त्याचा अबोला. चार वर्षांपूर्वी शाळेच्या कार्यक्रमात त्या माइकवरून म्हणाल्या होत्या, अंगात येणं हे निव्वळ ढोंग आहे. मुंजाबाच्या अंगात यायचं. तो तडक उठून गेला. त्यानंतर बाई समोरून येताना दिसल्या की तो वाट बदलायचा.

पुकारा झाला. मुंजाबानं वहाणा दाराबाहेर काढल्या आणि अनवाणी आत आला. कपाळाला भंडारा होता. शिपायामागून त्यानं शपथ म्हटली. ‘ईश्वरसाक्ष’ म्हणताना त्याचे डोळे आपोआप मिटले. मिटले ते बराच वेळ मिटलेलेच राहिले.

“बाबा, त्या दिवशी तुम्ही काय पाहिलं?” सरकारी वकिलानं विचारलं.

“मी देवळाच्या पायरीवर बसलो व्हतो.”

करुणाबाईंनी मान खाली घातली. आता तो म्हणणार, मला काही दिसलं नाय.

“सांडूनं सरूला केसाला धरून आणली,” मुंजाबा म्हणाला. “काठीनं लई मारलं. आम्ही समदे बघत ऱ्हायलो. ह्या शाळंच्या बाई तेवढ्या मधी पडल्या.”

सांडू जागेवरून उठला. पोलिसानं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. त्याचा वकील मात्र उभाच राहिला. त्याचा आवाज चढला होता.

“मुंजाबा, ह्याच बाईंनी तुम्हाला गावासमोर ढोंगी म्हटलं. आज इथं त्यांनी देवाची शपथसुद्धा घेतली नाही. त्यांनीच हे तुम्हाला पढवलं ना?”

“त्या बाईंशी मी चार वर्सं बोललो नाय.” मुंजाबानं कठड्याला धरलं. “खोटं बोलायचं ठरवूनच आलो व्हतो, साहेब. जीपमधी तेच घोकत आलो. पण देवाचं नाव घेऊन शपथ घेतली आन जीभच वळंना. मला खरं बोलायला बिरोबा लागला. ह्या बाईंना तेवढाबी लागला नाय. आता तुम्हीच सांगा, कमी कोण? त्या का मी?”

वकिलानं हातातला कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग म्हणाला, “मला आणखी काही विचारायचं नाही.”

सगळे बाहेर आले तेव्हा सांडूच्या माणसांची जीप निघून गेली होती. मुंजाबा कडुनिंबाखाली एकटाच उभा होता. करुणाबाई सरळ त्याच्याकडं गेल्या. या वेळी त्यानं वाट बदलली नाही.

“बाबा, देव आहे का नाही, यावर आपण पुन्हा भांडू,” त्या म्हणाल्या. “पण ढोंगी हा शब्द मी मागं घेते. तुमचा देव आज तुमच्यासोबत आला नसता, तर मी खोटी पडले असते.”

“भांडू की,” मुंजाबा म्हणाला. “पण माझ्या अंगात यायचंच.”

“आणि मी बोलायचीच.”

“बोला. आता उठून जाणार नाय.”

दोघंही हसले. मग मुंजाबाची नजर मागं उभ्या सरूबाईकडं गेली, आणि त्याचं हसू विरलं. तो नात्यानं तिचा चुलतसासरा. आजवर तिनं त्याच्यापुढं मान वर केली नव्हती. त्या म्हाताऱ्यानं भररस्त्यात तिला हात जोडले.

“सरू, मी पायरीवरनं उठाया पाहिजे व्हतं. चुकलं माझं.”

तिकडं तिची लेक दीपमाला रिक्षा थांबवून ‘गारखेडा’ म्हणत होती. सरूबाईनं तोंडावरचा पदर मागं सारला, डोळे पुसले आणि ताठ चालत रिक्षापाशी गेली.

“गारखेडा नको,” ती म्हणाली. “त्याला म्हण, स्टँडवर घे. कन्नडची गाडी धरायचीय. मी माझ्या घरी चालले.”