रिकाम्या खुर्चीवरची शाल

मंचावर दोन खुर्च्या होत्या. एकीवर काकू बसल्या होत्या, दुसरीवर त्यांच्या दिवंगत गायक नवऱ्याची शाल. नवरा गेल्यापासून राज्याच्या सांस्कृतिक मंडळाचा प्रत्येक वर्धापनदिन असाच व्हायचा. यंदा तर पन्नासावा, सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती.

"सचिवसाहेब, ही माझी शेवटची खेप," काकू हळूच म्हणाल्या. "सोमवारी मी लग्न करतेय."

सचिवांनी फोटोसाठी आणलेलं हसू ढळू दिलं नाही. "काकू, आज नको हो! मंडळाच्या मुलींनी तुमच्या विरहावर नृत्य बसवलंय. वर्षभर गावोगावी प्रयोग लागलेत."

वर्षभर! नवऱ्यावर काकूंची माया होतीच, पण त्याच्या शालीशी संसार करून त्या विटल्या होत्या. बोलावं तर लोक तोंडात शेण घालणार, गप्प बसावं तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तिसऱ्या रांगेत मंडळाच्या ग्रंथालयातला बाइंडर बसला होता. शर्ट कडक इस्त्रीचा, नखांत मात्र वाळलेली खळ. काकूंना लग्नाचं विचारताना तो म्हणाला होता, "तुमचं पुस्तक कुठं फाटलंय? नुसतं काचेच्या कपाटातून बाहेर काढायचंय." आज काकूंनी शाल उचलायची, त्याने वर येऊन त्या खुर्चीत बसायचं, असं दोघांचं ठरलं होतं. म्हणजे तोंडाने काही सांगायलाच नको.

ध्वनिक्षेपकावर नवऱ्याचं गाणं सुरू झालं. काकू उठल्या. त्यांनी शाल उचलली. तिसऱ्या रांगेतला बाइंडरही उठला आणि माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढू लागला.

सचिव भलते चपळ. त्यांनी काकूंच्या हातातून शाल घेतली आणि अलगद त्यांच्याच खांद्यांवर पांघरली. "रसिकहो, पाहा," ते माईकवर म्हणाले, "निष्ठा म्हणतात ती ही!"

अख्खं सभागृह उभं राहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. काकू जोरजोरात नकाराची मान हलवत होत्या. लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं.

बाइंडर उभ्या माणसांत अडकला होता. शेजारच्या बाईंनी डोळे पुसत त्याला कोपराने ढोसलं. "अहो, वाजवा की!"

त्याने एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा आजूबाजूला. मग तोही हळूहळू टाळ्या वाजवू लागला.