खरा फासा

"बाई, फासा तुमचा आणि संगणकही तुमचाच. मग आमच्या मनासारखा आकडा पडेलच कसा?" सात नंबरच्या खेळाडूने लिहिलं. ब्रिजेटच्या पडद्यावरचा दुसऱ्याच एका खेळाडूचा हिरवा ठिपका विझला. आणखी एक जण उठून गेला होता.

लोक पैसे कसे वाटतात यावरचा तिचा प्रयोग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत व्हायचा, तेव्हा असं कधी झालं नव्हतं. तिथं जमलेल्यांपैकीच एकाच्या हातात फासा द्यायचा, सगळ्यांदेखत टाकायला लावायचा. सम आकडा पडला तर सम नंबरवाले त्यांना दिलेले डॉलर हवे तसे वाटणार, विषमवाले मिळेल ते घेणार. विषम पडला की उलट. आता खेळणारे देशभर आपापल्या घरी, ब्रिजेट अमेरिकेतल्या कोलंबस शहरात आपल्या स्वयंपाकघरात, आणि फासा टाकणार संगणक. आणखी दोघं गेले की आजचा प्रयोग बाद, आणि पुन्हा करायला अनुदान उरलेलं नव्हतं. प्रबंध तिथंच बारगळला असता.

"थांबा, जाऊ नका," तिने लिहिलं. कॅमेरा सुरू केला, खेळांच्या डब्यातून लाकडी फासा काढला आणि टेबलावर टाकला. घाईत जोर जास्त लागला. फासा टेबलावरून उडाला आणि थेट फ्रिजखाली गेला.

"परत टाकू का?" तिने फोनवर असलेल्या आपल्या मार्गदर्शकांना, प्रोफेसर हॉलंडरना विचारलं.

"अजिबात नाही! परत टाकलास की तो आकडा तुझा झाला. पडलाय तिथं जा."

ब्रिजेटने लॅपटॉप उचलला आणि ती फरशीवर पालथी पडली. कॅमेरा फ्रिजखाली धरला, दुसऱ्या हाताने विजेरी. वाळका पास्ता, बाटलीचं झाकण, मांजराचे केस, धुळीचे गोळे. त्या सगळ्यात फासा.

चार. म्हणजे सात नंबरने मिळेल ते घ्यायचं.

तिने ठिपक्यांकडे पाहिलं. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. एकही ठिपका विझला नाही. तिला इतकं हायसं वाटलं की फ्रिजला पाठ टेकून ती खालीच बसून राहिली आणि एकटीच हसत सुटली.

तेवढ्यात सात नंबरचं उत्तर आलं.

"माझं नशीबच फुटकं. पण खोटेपणासाठी एवढी धूळ कुणी साठवत नाही. चला बाई, करा सुरू."