नजर गाडीवर होती

डॉक्टरीणबाईंनी रेणूच्या उजव्या डोळ्यापुढे काळी पट्टी धरली आणि समोरच्या बाहुलीकडे बघायला सांगितलं. बाहेर वळलेला डावा डोळा लगेच आत येऊन बाहुलीवर स्थिरावला.

"तिरळेपणा आहे," बाई म्हणाल्या. "घरात आणखी कुणाला?"

"हिच्या भावाला होता. ह्याच डोळ्यात, थोडासाच," रेणूची आई मृदुला म्हणाली. "तिरळं पोर भाग्याचं, असं सासूबाई म्हणायच्या, म्हणून आम्ही काही केलं नाही."

तो भाऊ, ओजस, गेल्या उन्हाळ्यात चौकात गाडीखाली गेला. बिनचालक गाड्या माणसांचे डोळे वाचतात. आपल्याकडे बघणारा माणूस आपणहून थांबेल असं धरून वेग कमी करत नाहीत. गाडीने टिपलेल्या चित्रात ओजसचा डावा डोळा थेट तिच्यावर रोखलेला होता. पोराने गाडी पाहिली होती, असा निकाल लागला.

तेव्हापासून मृदुला रोज त्याच्या फोटोशी भांडायची. 'दिसत होती ना रे मेल्या? मग पाऊल टाकलंसच कशाला?'

बाईंनी पट्टी काढली. रेणूचा डावा डोळा पुन्हा खिडकीकडे सरकला.

"आत्ता ती खिडकीकडे बघतेय का हो?"

"छे! एकाच्या दोन वस्तू दिसू नयेत म्हणून मेंदू त्या डोळ्याचं चित्र पुसून टाकतो. डोळा नुसता वळलेला असतो. बघत नाही."

घरी येताच मृदुला चपला न काढता फोटोपुढे उभी राहिली. ओजसचा एक डोळा तिच्याकडे होता, दुसरा दाराकडे.

"तुला दिसलीच नव्हती रे," ती म्हणाली.