सूज उतरेपर्यंत

पाचव्या ठोशाला अभिरामचा दात फरशीवर पडला, तरी तो पिन सांगेना. शेवटी ठोसे मारणाऱ्या पैलवानाने केस धरून त्याची मान वर केली आणि त्याचाच फोन तोंडासमोर धरला. फोन उघडला नाही.

“तोंडावर कशाला हाणलंस?” टोळीचा म्होरक्या भडकला. “अँड्रॉइड असता तर बोटावर भागलं असतं. ह्ये बिटकॉइनवाले समदे आयफोनच वापरत्यात. पिन नसंल तर त्यो तोंड ओळखल्याबिगर उघडत न्हाई.”

बर्फ आला. हाणणारा हातच आता बर्फ घेऊन हळुवार गालावर फिरू लागला. सूज उतरत चालली. चाळीस घरांनी विश्वासाने सोपवलेली पुंजी त्या फोनात होती.

“आता ओळखंल,” म्होरक्या फोन पुसत म्हणाला.

अभिरामने शेजारच्या लोखंडी कपाटाचा कोपरा नीट पाहून घेतला आणि उरलंसुरलं बळ एकवटून त्यावर तोंड आपटलं.