दोनशे चौदा चेहरे

"एक पण रडका चेहरा न्हाय, आबा," क्रांती म्हणाली. आईचा फोन तिच्या हातात होता. बोट सारखं वर सरकत होतं.

तिच्या आईला, चिमणाबाईला जाऊन वीस दिवस झाले होते. हे अ‍ॅप आईच्या फोनवर क्रांतीनंच टाकून दिलं होतं, गणपतीला पुण्याहून आली होती तेव्हा. रोज संध्याकाळी सातला फोन वाजायचा आणि आज कसं वाटलं, असं विचारायचा. खाली पाच चेहरे. पहिला हसरा, शेवटचा रडका. जो दाबला तो पुण्यात क्रांतीला दिसायचा. दोनशे चौदा दिवस पहिलाच चेहरा होता. मग दवाखाना, आणि आठवड्यात सगळं संपलं.

पोटातलं दुखणं जुनं होतं, डॉक्टर म्हणाले होते. सहा महिने तरी त्रास असणार. ते ऐकल्यापासून क्रांती नीट जेवली नव्हती. दिवसकार्य झालं तरी पुण्याला परतली नव्हती. एखादा रडका चेहरा आपल्याकडून बघायचा राहिला का, हे तपासायला आज तिनं पहिल्यांदाच आईचा फोन उघडला होता.

"दुखलं असतं तर आईनं दाबलं असतं की. मी त्याच दिवशी आले असते."

तिचा बाप पिराजी नुकताच कळंब्याच्या तळ्यावरून फिरून आला होता. चप्पल काढून तो दारातच उभा राहिला.

"जेवून घे," एवढंच म्हणाला.

ती जेवली. आमटी परत वाढून घेतली. पिराजी बघत राहिला.

दुपारी तिनं तेच अ‍ॅप त्याच्या फोनवर टाकलं. "तुमच्या तोंडातनं तर काय निघत न्हाय. निदान हे तरी दाबत जावा."

सातला फोन वाजला. क्रांती भाकरी थापत होती. परातीवरनं उठली, हात धुतले, पदराला पुसावेत तसे ओढणीला पुसले. फोन घेऊन त्याच्याजवळ येऊन बसली.

"सांगा आबा. आज कसं वाटलं? कुठला दाबू?"

पिराजीनं पाच चेहरे बघितले. मग परातीतलं अर्धं थापलेलं पीठ बघितलं.

"हे असं मी तिला एकदा पण विचारलं न्हाय, क्रांती."

"म्हणजे?"

"तिचे हात पिठात असायचे. फोन गप बसावा म्हणून मीच दाबत होतो."