ताऱ्याचा उजेड

"हातातला पाना खाली ठेवा आधी, भाऊजी. बोलायचंय."

त्याच वेधशाळेत कामाला असलेला मेहुणा जिना चढून दुर्बिणीच्या उंच लोखंडी कट्ट्यावर आला होता. एरवी पक्का थट्टेखोर. 'हा माणूस आकाशात बघत चालतो, खड्ड्यात पडेल,' असं बहिणीला लग्नाआधीच सांगून बसलेला. आज मात्र त्याचा चेहरा पडला होता.

प्राध्यापकांनी पाना ठेवला नाही.

दुपारी पत्रकार यायचे होते. एका पल्सारची, म्हणजे ठरावीक ठेक्यात लुकलुकणाऱ्या ताऱ्याची, टिकटिक रेडिओ दुर्बिणीवर कधीचीच ऐकू येत होती, पण त्याचा उजेड कुणालाच सापडला नव्हता. प्राध्यापकांना सापडला, निदान आलेखावर तरी. दुर्बीण ताऱ्यावर धरून ठेवणाऱ्या कॅमेऱ्याची वीजही साधारण त्याच ठेक्यात धडधडते, हे त्यांना ठाऊक होतं. एक रात्र तो बंद ठेवला असता, तर आलेखावरचा ठेका ताऱ्याचा की कॅमेऱ्याचा, काय तो सोक्षमोक्ष लागला असता. त्यांनी ठेवला नाही. चोराच्या मनात चांदणं.

"काल तुम्ही झोपायला गेल्यावर मी कॅमेरा बंद केला," मेहुणा म्हणाला.

"कुणाला विचारून?"

"विचारलं असतं तर करू दिलं असतंत?"

"मग?"

"बसा आधी. उभ्याने ऐकण्यासारखं नाही."

"संचालकांना सांगितलंस?"

"अजून नाही. घरचा माणूस म्हणून आधी तुम्हाला."

प्राध्यापकांच्या डोक्यात तिडीक गेली. साऱ्या आयुष्याची माती करायला हा जिना चढून आला होता. पान्याचा पहिला घाव मेहुण्याच्या कानशिलावर बसला.

"अहो, ऐका तरी!" मेहुण्याने त्यांची कॉलर धरली. त्यांनी त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, दुसरा घाव तोंडावर घातला. दात पत्र्यावर सांडले. तो कठड्यावरून पलीकडे गेला आणि दोन्ही हातांनी लोंबकळू लागला. त्यांनी एकेक बोट ठेचलं.

खाली सिमेंटवर धप्प आवाज झाला. मग काहीच हललं नाही.

प्राध्यापकांनी पाना फडक्याने पुसला. पाय घसरला म्हणायचं. त्यांना हायसं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच भीती वाटली.

भिंतीवरचा फोन वाजला. दुर्बीण चालवणारा ऑपरेटर होता.

"सर, मेहुणेसाहेबांनी सांगितलं, की अजून छळतायत? कॅमेऱ्याशिवाय रात्रभर हाताने दुर्बीण सांभाळली मी. तरी तुमचा तारा लुकलुकतोच आहे, अगदी खणखणीत! पहाटे मला मिठी मारून रडले हो ते. म्हणाले, आता भाऊजींचा जीव जरा टांगणीला लावतो, मगच सांगतो."