भिंगरीला लावलेला शब्द

"अब्बा, ही ऑब्स्टिनेट हाय," अलीशबा म्हणाली आणि सखाने कान टवकारले.

म्हस मुलीला कासेला हात लावू देत नव्हती. खुंट्याभोवती अशी गरागरा फिरत होती, की तिचं भिंगरी हे नाव आत्ताच कोणी ठेवलंय असं वाटावं. ते ठीक. पण सखा पोलादपूरच्या डोंगरावरच्या वाडीत जन्मला, तिथेच म्हातारा झाला. मारकी, लाथाडी, आटलेली अशी सगळ्या गुणांची जनावरं त्याने विकली होती, काही तर दोनदोनदा. ही खोड त्याने कधी ऐकली नव्हती.

मुलीचा बाप अर्शद गल्फमधून परतून महाडला दुधाचा धंदा करत होता. लेकीच्या शब्दावर त्याने मान डोलावली. ती मान सखाला मुळीच आवडली नाही. भाव पाडणाऱ्याची मान अशीच हलते.

आणि म्हस आज जायलाच हवी होती. पोराने, जितेशने, आईबापासाठी बिरवाडीत खोली बघून ठेवली होती. तिथे नळ होता, दवाखाना होता, सखाच्या गुडघ्यांना चढ नव्हता. गोठा मात्र नव्हता. भिंगरी खाली गेली तर म्हातारा-म्हातारी खाली, ती वर राहिली तर दोघंही वरच. त्याची बायको चंद्राबाई सकाळपासून उंबऱ्यावर पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती.

"काय म्हनालीस गो माझ्या म्हशीला?" सखाने विचारलं.

"ऑब्स्टिनेट, चाचा. म्हंजे हट्टी."

"मंग हट्टी म्हन की! दोन अक्षरांचं काम. वरची अक्षरं कशापायी लावलीस?"

अर्शद हसला. "कॉलेजात इंग्रजी घेतलंय तिनं, सखाभाऊ. सकाळी म्हशी पिळते, दुपारी शब्द."

"नुसती हट्टी नाय, चाचा," अलीशबा समजावू लागली. "जिला सगळं कळतं, कोणी कितीबी सांगितलं तरी जी आपलं सोडत नाय, ती ऑब्स्टिनेट. माणसाला म्हणतात, जनावराला म्हणतात. औषधाला दाद न देणाऱ्या खोकल्यालाही म्हणतात. धुऊन न निघणाऱ्या डागालाही."

"खोकला!" सखा ताडकन उठला, गुडघे विसरून. "अर्शदभाय, तुमची पोर माझ्या म्हशीला दुखनं चिकटवतेय! जरा थांबलो तर डागबी लावेल."

माणूस, म्हस, खोकला, डाग. ज्याच्यात्याच्या अंगात बसणारा सदरा चोरीचाच असतो, असं सखाचं मत पडलं. पण शब्द आता अंगणात सांडला होता. त्याला भरून घेणं भाग होतं. सखा खोटं कधी बोलत नसे. खरं आटलं की त्याला जरा चुचकारून पान्हवत असे, एवढंच.

"हट्टी तर हिची आय होती," तो म्हणाला. "पुरात सावित्रीच्या मधोमध उभी राहिली, रवंथ करत. हलंचना. शेवटी नदीनंच वळसा घातला. दासगावला जाऊन बघा, वळन अजून हाय."

"आणि म्हस?" अर्शदने गंभीरपणे विचारलं.

"तिनं मागं वळूनसुदीक बघितलं नाय."

अलीशबाला हसू आवरेना. "पण दूध देते काय, चाचा? जितेशदादा फोनवर म्हणाले, कोणालाही देते."

"आत्ता देईल."

सखाने घमेल्यात पेंड टाकली आणि रेडकू सोडलं. रेडकू आईजवळ गेलं, हुंगलं, एकदा ओढून बघितलं आणि फुरफुरत येऊन सावलीत आडवं झालं. त्याचं पोट ढोलकीसारखं तट्ट होतं. सखा त्याच्याकडे बघतच राहिला. यालाही या लोकांनी फितवलं? पण कधी? टेंपोतून उतरल्यापासून दोघं बापलेक त्याच्या नजरेसमोर होती.

म्हस पेंडीत गुंतलेली बघून अलीशबा हळूच खाली बसली. या वेळी भिंगरीने पाय उचलला नाही. मुलीने कास चाचपली आणि हात काढून घेतला.

"चाचा, माझा शब्द मी मागं घेते. ही ऑब्स्टिनेट नाय. कास रिकामी हाय. पहाटेच रेडकू पाजून पिळलेय कोणीतरी."

"कोन पिळनार? घरात आमी दोघंच, नि मी तर तुमाला दाखवायला राखून..." सखाचं वाक्य तिथेच थांबलं. त्याने उंबऱ्याकडे बघितलं. उंबऱ्यावर नुसतं सूप होतं.

तेवढ्यात चंद्राबाई चहा घेऊन बाहेर आली. चहा म्हणायचं ते पाहुण्यांचा मान म्हणून. त्यात पत्तीचा रंग औषधालाही नव्हता. अर्शदने एक घोट घेतला आणि कपात वाकून बघितलं. सखाने आपल्या बशीतली साय बोटाने बाजूला सारली. खाली आणखी एक साय होती.

"घ्या, पाव्हनं," चंद्राबाई म्हणाली. "आज दूध जरा जास्तीच हाय."

अर्शदने सावकाश चहा संपवला, मिशीवरची साय पुसली. "सखाभाऊ, घरधनिणीच्या मनाविरुद्ध नेलेली म्हस माझ्या गोठ्यात रमायची नाय. टेंपो रिकामाच नेतो."

चंद्राबाई मुलीशेजारी टेकली. "पोरी, त्यो मगाचा शब्द गो. बाईमानसाला लावतात काय?"

"लावतात की, चाची," अलीशबा म्हणाली. "पण तिचा चहा पिताना नाय."

सखाने एकवार खाली, बिरवाडीकडे जाणाऱ्या वाटेकडे बघितलं. मग आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. मग बायकोकडे. बराच वेळ. शेवटी त्याने बशी पुढे केली.

"वत अजून," तो म्हणाला. "सायीसकट."